बावीस मिनिटं आणि काका

१ ऑगस्ट १९७५ रोजी नासाकडून वर्षभरासाठी उसन्या घेतलेल्या एका उपग्रहाने भारतातल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत टीव्ही दाखवायला सुरुवात केली. त्या प्रयोगाचं नाव ‘साइट’. सहा राज्यं निवडली होती आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर हे जिल्हे. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं, पण देशातल्या बऱ्याच नामांकित शहरांच्या आधी टीव्ही आमच्याकडच्या भातशेतीच्या गावांत येऊन बसला होता. शाळेत नाहीतर पंचायतीत संच आणि बाहेर कोंबड्यांच्या जाळीची भलीमोठी छत्री. संध्याकाळी शेती, आरोग्य आणि थोडं गाणंबजावणं. कार्यक्रमांच्या मागोमाग संशोधक मंडळी वह्या घेऊन गावोगाव फिरत. लोकांना काय कळलं, काय आवडलं, हे विचारून लिहून घेत.

अशाच एका गावात एक मराठी गृहस्थ मास्तर होते. शाळेची किल्ली त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांचा बारा वर्षांचा मुलगा रोज पहिल्या रांगेत. एकदा गुरांच्या लसीवर कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी वहीवाल्याने या मुलाला विचारलं, ‘‘कार्यक्रम कैसा लगा?’’ मुलगा म्हणाला, ‘‘बैल ने अच्छा काम किया. डॉक्टर कच्चा था.’’

वहीवाल्याने ते लिहून घेतलं.

आपण बोललेलं कोणीतरी लिहून घेतं, हा अनुभव इतक्या लहान वयात येऊ नये. तो मुलगा मोठा झाला, वीज मंडळाच्या लेखा विभागात लागला, तिथून निवृत्तही झाला. आता तो रायपूरच्या समता कॉलोनीत राहतो आणि वहीवाल्याला दिलेलं त्याचं उत्तर अजून चालू आहे.

त्यांना सगळे काका म्हणतात. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असे काका प्रत्येक कॉलोनीत एक तरी असतातच. फक्त आमच्या काकांच्या वाट्याला समता कॉलोनी आली आहे. अग्रसेन चौकातून आत शिरलं की मुख्यतः व्यापाऱ्यांची घरं, फाटकाशी दोनदोन गाड्या, आणि मधूनच एखादं जुनं मराठी घर. काकांच्या फाटकावर ‘कृपया फाटक बंद करावे’ अशी पाटी आहे. शेजारी ती हिंदी समजून वाचतात आणि ‘करावे’ला हसतात. लागूनच चौबे कॉलोनी, तिथे महाराष्ट्र मंडळ. म्हणजे गणपतीत काकांच्या मतांना व्यासपीठ आणि उरलेलं वर्षभर वेताची खुर्ची. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज बिंबाजी भोसल्यांबरोबर, १७५८ च्या सुमारास, छत्तीसगडात आले. आल्या आल्या त्यांनी इथल्या राज्यकारभाराबद्दल मत दिलं असणार, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

काका टीव्हीसमोर बसतात तेव्हा आधी चष्मा पुसतात. मग रिमोट हातात घेतात. तो पॉलिथिनच्या पिशवीत असतो आणि पिशवीला दोन रबरबँड. एक तुटलं तर दुसरं असावं म्हणून. मग मुरमुऱ्यांची वाटी. आणि मग ते मान किंचित तिरकी करून, आलेलं बिल तपासायला घ्यावं तसे पडद्याकडे बघतात. पूर्वी त्यांना जाहिरातीची वाट बघावी लागायची. त्या दोन-तीन मिनिटांत सगळं मत बसवायचं म्हणजे भाषेला आपोआप शिस्त असे. घरात नेटफ्लिक्स आलं आणि पॉजचं बटण सापडलं, तेव्हापासून ती शिस्त गेली. बावीस मिनिटांचा भाग त्यांच्याकडे सव्वा तास चालतो. आणि पॉज केलेल्या पडद्यावर कोणाचं तरी तोंड नेमकं अर्धवट उघडं असतं, त्यामुळे तोही बिचारा काहीतरी म्हणत होता आणि काकांनी त्याला गप्प बसवलं, असं वाटत राहतं.

‘ठीक आहे’ हा काकांकडचा सर्वोच्च पुरस्कार. आमच्या माहितीत तो ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधल्या आबांना, म्हणजे दिलीप प्रभावळकरांना मिळालेला आहे. त्याखाली ‘वाईट नाही’. सगळ्यात तळाशी ‘लोकांना आवडेल’.

एकदा मालिका संपल्यावर नेटफ्लिक्सने काकांना आवडली की नाही असं विचारलं आणि उत्तरासाठी अंगठ्याची चित्रं पुढे केली. वर अंगठा, खाली अंगठा. काका काही वेळ त्याकडे बघत राहिले. ‘‘अंगठा? चाळीस वर्षं सही केली मी. मंडळात लाखालाखाची बिलं माझ्या सहीने पास झाली. आणि हा मला अंगठा मागून राहिला!’’

त्यांची मतं फार जुन्या काळापर्यंत जातात. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’त सतीश शहा दर भागात नव्या भूमिकेत यायचे. ‘‘एका माणसाकडून इतकी कामं करून घेतली, त्याला ओव्हरटाइम दिला असेल का?’’ हे काकांचं त्यावरचं मत. मुंबई दूरदर्शनवरचे ‘चिमणराव’ रायपूरला दिसत नव्हते, पण त्यावरही काकांचं मत आहे. पुण्याच्या आत्याने पत्रातून गोष्ट कळवली होती, तेवढ्यावर. १९९९ मध्ये झी टीव्हीने अमेरिकेच्या ‘फ्रेंड्स’ची जवळजवळ जशीच्या तशी नक्कल ‘हॅलो फ्रेंड्स’ म्हणून काढली. ती सव्वीस भागांत आटोपली. ती शेवटपर्यंत बघणारा रायपुरातला एकमेव माणूस आपण आहोत, असा काकांचा दावा आहे, आणि तो खोडून काढायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही.

मित्रमंडळींच्या मालिकांमध्ये काका खऱ्या अर्थाने शिरले ते २०१५ मध्ये. झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली होती. मुंबईत एका घरात राहणारी सहा तरुण पोरं, घराचं नाव ‘माजघर’. काकूंना त्यातली रेश्मा आवडायची, नात तेव्हा लहान होती पण तिला संगीतवाला कैवल्य आवडायचा. काका रात्री साडेदहापर्यंत जागायचे ते या पोरांचे आईवडील कधी येतात हे बघायला. ‘‘सहा जण एका घरात राहतात, कोणाच्या बापाला काळजी नाही. एकाने तरी येऊन बघावं नं, पोरगं काय खातं, कुठे झोपतं!’’ मालिका पुढच्या फेब्रुवारीत संपली. त्या वेळी बंगळुरूहून सुट्टीवर आलेल्या पुतण्याने चहा पिता पिता सहज म्हटलं, ‘‘काका, हे सगळं ‘फ्रेंड्स’वरून घेतलंय.’’

लेखा विभागातल्या माणसासमोर ‘घेतलंय’ हा शब्द जपून वापरावा. मूळ कागद बघितल्याशिवाय काका काही मान्य करत नाहीत. ‘फ्रेंड्स’चे दहा हंगाम, दोनशे छत्तीस भाग, सप्टेंबर १९९४ ते मे २००४. काकांनी हे आकडे वहीत लिहून घेतले आणि सांगितलं की निवृत्तीनंतर बघू. निवृत्त झाल्यानंतरच्या सोमवारी बसले.

आता काकांच्या घरची बैठक अशी. वेताच्या खुर्चीत काका. दिवाणावर काकू, समोर निवडायला घेतलेली मेथी. खाली गादीवर कॉलेजात जाणारी नात. तिने हे सगळं आधीच अनेकदा बघितलंय, त्यामुळे ती फोनमध्ये डोकं घालून नुसतं ऐकते आणि विनोदाच्या अर्धा सेकंद आधी हसते. काकांना हे अत्यंत बेकायदेशीर वाटतं. दाराजवळच्या सोफ्यावर शेजारचे शेठजी. त्यांचा लोखंडाचा धंदा आहे. इंग्रजी कळत नाही, मराठी अर्धं कळतं, पण त्यांच्या घरी सुना-नातवंडांमुळे टीव्ही कधी मोकळा नसतो, म्हणून ते इथे येतात आणि पूर्ण एकाग्रतेने बघतात. आणि कधीमधी मी. मी दोन गल्ल्या सोडून राहतो आणि मला हा कार्यक्रम टीव्हीवरच्या कार्यक्रमापेक्षा जास्त आवडतो.

पहिल्याच आठवड्यात भाड्याचा प्रश्न निघाला. ही मोनिका स्वयंपाकीण, मैत्रीण हॉटेलात वेटर, आणि न्यूयॉर्कमध्ये एवढा मोठा फ्लॅट? नातीने सांगितलं की फ्लॅट मोनिकाच्या आजीच्या नावावर आहे आणि जुन्या भाड्यानेच चालू आहे. काकांनी पॉज केलं. ‘‘म्हणजे आजीच्या नावाची पावती आणि राहते नात? हे तर सरळ प्रकरण आहे!’’ शेठजींचा चेहरा मात्र उजळला. इतके दिवस त्यांना हे लोक परके वाटत होते. ‘‘अरे भैया, अपनी पुरानी बस्ती में ऐसे कितने बैठे हैं,’’ ते म्हणाले आणि त्या दिवसापासून मोनिका त्यांची झाली.

मग हशा. दर दोन वाक्यांनी मागे लोक हसतात ते काकांना खपेना. ‘‘हे कोण हसून राहिले? आधी विनोद तपासू तर द्या!’’ नातीने समजावलं, ‘‘आजोबा, ती रेकॉर्ड नाहीये नुसती. खरे लोक समोर बसवून शूटिंग करायचे.’’

‘‘तिकीट काढून?’’

‘‘नाही, फुकट.’’

‘‘मग बरोबर,’’ काका निवांत झाले. ‘‘फुकट पास दिले की असेच हसतात. मंडळाच्या नाटकाला बघितलंय मी.’’

एका बाबतीत मात्र या मंडळींनी काकांचा निर्विवाद आदर मिळवला. या सहा नटांनी १९९६ पासून आपला मेहनताना एकत्र ठरवला. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी असं चालणार नाही, सगळ्यांना सारखं. असं करत करत शेवटच्या दोन हंगामांत प्रत्येकाला एका भागाचे दहा लाख डॉलर मिळाले. नातीने हे कुठेतरी वाचून सहज सांगितलं, तर काका खुर्चीतून अर्धे उठले. ते कर्मचारी संघटनेचे जुने कोषाध्यक्ष. ‘‘सहाही जण? एकही फुटला नाही?’’ नाही म्हटल्यावर त्यांनी पडद्यावरच्या सहा जणांकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. त्यानंतर काही दिवस त्यांच्या अभिनयाबद्दल घरात वाईट शब्द निघाला नाही. जोई वाईट नट आहे असं खुद्द मालिकाच सांगते, तेही काकांना पटेना.

असे तिसऱ्या हंगामापर्यंत आलो. आणि मग तो भाग आला, ज्याचा निकाल समता कॉलोनीत अजून लागलेला नाही.

२६ सप्टेंबर १९९६ ला अमेरिकेत दाखवला गेलेला, तिसऱ्या हंगामातला दुसरा भाग. गोष्ट अशी की सहांपैकी रॉसचं म्युझियममध्ये भाषण आहे. तो सूट घालून मोनिकाच्या घरी हजर. निघायची वेळ होत आली आहे आणि एकही माणूस तयार नाही. संपूर्ण भाग त्या एकाच घरात घडतो, आणि घड्याळही जवळपास आपल्या घड्याळाबरोबर चालतं.

सुरुवातीची दोन मिनिटं काकांनी पॉज केलं नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर घडतंय. तिसऱ्या मिनिटाला बटण दाबलं आणि म्हणाले, ‘‘हे नाटक आहे.’’

कोणी काही बोललं नाही.

‘‘अरे, एक सेट, तीन दारं, घड्याळ चालू! हे बबन प्रभूंचं काम आहे. ‘झोपी गेलेला जागा झाला’ काढून बघा. ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ काढा. कोण कुठल्या दारातून आत गेला आणि कोण कुठून बाहेर आला, हेच तर फार्सचं गणित. अमेरिकेने आत्ता केलं.’’ आत्ता म्हणजे १९९६ ला. काकांनी स्वतः मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा फार्समध्ये काम केलं होतं, एका प्रवेशाचं. दार उघडून ‘तार आली’ म्हणायचं होतं. दार उलट्या बाजूने उघडणारं निघालं. त्या तीस सेकंदांना जो हशा मिळाला तो लेखकाच्या कुठल्याही वाक्याला मिळाला नव्हता, असं काकू सांगतात. काका सांगत नाहीत.

भाग पुढे सरकला. जोई खुर्चीतून उठून बाथरूमला जातो, तेवढ्यात चँडलर त्या खुर्चीत बसतो. जोई परत येऊन ऊठ म्हणतो, चँडलर उठत नाही. भांडण पेटतं. काकांनी ताबडतोब पॉज केलं आणि निवाडा दिला: चँडलर बरोबर. ‘‘जागा सोडली की हक्क गेला. रेल्वेत काय करता? रुमाल ठेवता नं? याने रुमाल ठेवला होता का? नाही. विषय संपला.’’ शेठजींनीही मान डोलावली. ‘‘कब्जा जिसका, माल उसका.’’

हे बोलून काका पाणी प्यायला आत गेले.

परत आले तर वेताच्या खुर्चीत नात. मांडी घालून, रिमोट पिशवीसकट मांडीवर, मुरमुरेही तिच्याकडे. काका उभे राहिले. नातीने मान वर करून बघितलंही नाही. काकू मेथी निवडण्यात एकदम फार गुंतल्या.

‘‘ऊठ.’’

‘‘रुमाल ठेवला होता का?’’

काकांना कोणाच्या तरी मदतीची फार गरज होती. त्यांनी शेठजींकडे बघितलं. शेठजी धंद्यातला माणूस, चालू भाव बघून बोलणारा. ‘‘अब तो बिटिया का है,’’ ते म्हणाले. काका पुढची सात-आठ मिनिटं दिवाणाच्या टोकावर बसले, मेथीच्या काड्या बाजूला सारून. तेवढ्या वेळात त्यांनी निवाड्यात सुधारणा केली: नैसर्गिक कारणाने उठणं आणि जागा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाणी पिणं हे नैसर्गिक कारणात येतं, आणि जोईवर सुरुवातीपासूनच अन्याय झालेला आहे. खुर्ची परत मिळाल्यावरही ही सुधारणा त्यांनी मागे घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पडद्यावर तिकडे फीबीच्या कपड्यांवर हमसचा डाग पडला होता. हमस म्हणजे काय यावर पाच मिनिटं गेली. काबुली चण्याची चटणी म्हटल्यावर शेठजींनी किलोचा भाव सांगितला. शेवटी ती डागावर नाताळच्या रिबिनीचं भलंमोठं फूल लावून उभी राहते. हे काकूंना फार आवडलं. ‘‘डोकं आहे पोरीला. मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात ब्रोच लावला होता असाच.’’ मोनिका आपल्या जुन्या मित्राच्या आन्सरिंग मशीनशी खेळत बसते, तो भाग काकांनी पळवला. ‘‘सरकारी फोनवर होत नव्हतं हे सगळं.’’ जोईने बदला म्हणून चँडलरचे सगळे कपडे एकावर एक अंगावर चढवले, तेव्हा मात्र ते हसले. चांगले दणदणून, मागच्या फुकट्या लोकांच्याही आधी. हसल्यावर इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘लोकांना आवडेल.’’

पण घर फुटलं ते रॉसच्या मैत्रिणीवरून, रेचलवरून. ती काय घालावं हे ठरवू शकत नाही. रॉस आधी विनवतो, मग घाई करतो, आणि शेवटी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडतो. ती आत जाते आणि घरातले ढगळ कपडे घालून बाहेर येते. येत नाही जा, म्हणते.

काकांनी पॉज केलं. ‘‘रॉस शंभर टक्के बरोबर.’’

मेथी थांबली. ‘‘चारचौघांत ओरडला तो.’’

‘‘अगं, वेळ झाली होती!’’

‘‘वेळ त्याची झाली होती,’’ काकू म्हणाल्या, ‘‘तिची नव्हती.’’

मी इतकी वर्षं त्या घरी जातोय, पण काकांना वाक्य शोधावं लागलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी शोधलं आणि दुर्दैवाने त्यांना सापडलंही. ते म्हणाले, ‘‘तू पण अशीच करतेस.’’ यानंतरच्या चर्चेचा ‘फ्रेंड्स’शी संबंध उरला नाही. दुर्गचं एक लग्न निघालं, ज्यात हे लोक पोहोचले तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. नागपूरची पहाटेची गाडी निघाली, जी फलाटावरून डोळ्यांदेखत गेली. तेव्हा कुलूप लावलं की नाही ते बघायला परत कोण गेलं होतं, हेही निघालं. काका गेले होते. तेही दोनदा. पडद्यावर रॉस सगळा वेळ तोंड उघडं टाकून उभा होता. शेठजी चपला घालू लागले, पण शेवट बघायचा मोह आवरेना म्हणून चपलांसकट दारात उभे राहिले.

शेवटी रॉस माफी मागतो. म्युझियमपेक्षा तू मोठी, हे पटवायला तो चरबीचा ग्लास प्यायला निघतो. काकू ‘शी’ म्हणाल्या पण डोळे मिटले नाहीत. काका म्हणाले, ‘‘आमच्या वेळी एरंडेल होतं.’’ ऐन वेळी रेचल त्याला थांबवते आणि हिरव्या झग्यात तयार होऊन येते. काकूंनी त्या झग्याला ‘ठीक आहे’ दिलं. त्या घरात हा पुरस्कार देण्याचा अधिकार आजवर फक्त काकांकडे होता, पण त्या रात्री तो मुद्दा काढण्यात शहाणपणा नव्हता.

सकाळी अनुपम गार्डनच्या बाकावर खटला वरच्या कोर्टात गेला. तिथे काकांचा कंपू बसतो: एक रेल्वेतले, एक बँकेतले, एक भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, एक शेठजी. सहावे होते ते पुण्याला मुलाकडे गेले. यांच्यापैकी शेठजी सोडले तर कोणीही ‘फ्रेंड्स’चा एकही भाग बघितलेला नाही. त्यामुळे चर्चा फार मोकळेपणाने झाली. काकांनी वस्तुस्थिती सांगितली, अर्थात रॉसच्या बाजूने. बँकेतले म्हणाले, भाषण याचं होतं तर याने एकट्याने पुढे जायचं होतं, बाकीचे मागून आले असते. रेल्वेतल्यांचं म्हणणं, बायकांना खरी वेळ सांगायचीच नाही, अर्धा तास आधीची सांगायची. भिलाईवाल्यांनी फक्त एक प्रश्न विचारला: म्युझियमवाल्यांनी गाडी पाठवली होती का? नाही म्हटल्यावर त्यांनी सगळा दोष म्युझियमवर टाकला. नंतर चौकात आलू गुंडा खाताना, म्हणजे तुमचा बटाटावडा, या विषयाला पुन्हा उकळी फुटली आणि गाडीवाल्या पोरानेही मत दिलं. तो रेचलच्या बाजूचा निघाला.

याच मंडळींची आणखी एक गंमत. तिसऱ्या हंगामाच्या पहिल्या भागाची सुरुवात अशी आहे की हे सहा जण नेहमीच्या कॉफीच्या दुकानात शिरतात, बघतात तर त्यांच्या नेहमीच्या कोचावर दुसरेच सहा लोक बसलेत. हे क्षणभर उभे राहतात आणि वळून निघून जातात. धड एक वाक्य नाही. काकांनी त्या प्रसंगाला झोडपलं होतं. ‘‘संवादच नाही. लेखकाला सुचलं नाही, दुसरं काय!’’ मग एका सकाळी बागेत बाकावर कोचिंग क्लासची पाच-सहा पोरं वह्या पसरून बसलेली. आमची मंडळी येऊन उभी राहिली. पोरांनी बघितलं, यांनी बघितलं. मग सगळे एकदम वळले आणि गार्डनला आणखी एक चक्कर मारून आले. चकरेत कोणी बोललं नाही. काकांना मी नंतर विचारलं, संवाद का नाही झाला? ‘‘पोरांची परीक्षा होती नं,’’ काका म्हणाले.

पुण्याला गेलेले सहावे गृहस्थ हे काकांचे खरे प्रतिपक्ष. मुलाच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना बोलायला कोणी नाही, म्हणून काकांना विरोध करता यावा एवढ्याचसाठी त्यांनी नातवाकडून नेटफ्लिक्स लावून घेतलं. रोज संध्याकाळी सहाला फोन. काका स्पीकरवर टाकतात, त्यामुळे समता कॉलोनीच्या त्या गल्लीला ‘फ्रेंड्स’ची गोष्ट न बघताच कळत जाते. रॉसच्या खटल्यावर या दोघांचे तीन फोन झाले. चौथ्या फोनला पुण्याचे गृहस्थ हरायला आले आणि हरायला आलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. ते म्हणाले, ‘‘तू तिसऱ्या हंगामातच बस. मी पाचवा संपवला. पुढे काय होतं ते कळलं तर तोंड बंद होईल तुझं.’’

काकांनी फोन कापला. ‘‘पेपर फोडून राहिला!’’ ते घरभर फिरत म्हणाले. ‘‘दोन वर्षांत पुणेरी झाला. आमच्याबरोबर होता तोवर असा नव्हता.’’ दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी वाजलाच नाही. काकांनी सहा वाजून दहा मिनिटांनी रिमोटच्या पिशवीचं रबरबँड काढून परत लावलं. सव्वासहाला स्वतःच नंबर फिरवला. ख्यालीखुशाली झाली, तिकडचा पाऊस झाला, गुडघे झाले. मग काका आवाज खाली आणून, पण स्पीकर चालूच ठेवून म्हणाले, ‘‘बरं, ते जाऊ दे. एवढंच सांग, लग्न होतं का त्या दोघांचं?’’

‘‘होतं. पाचव्याच्या शेवटाला.’’

‘‘कुठे?’’

‘‘लास वेगासला. दोघंही पिऊन. आधी गमतीत एकमेकांच्या तोंडावर स्केचपेनने मिश्या काढलेल्या, तशीच लग्नाला उभी राहिली.’’

काकांनी फोन बाजूला ठेवला आणि दिवाणाकडे वळले. ‘‘ऐकलंस? मुहूर्त नाही, काही नाही. तोंडावर मिश्या.’’

काकूंनी मेथीची जुडी सोडली. ‘‘म्हणजे त्या दिवशीसुद्धा कोणी तयार नव्हतं.’’